सतराचा बोल्ट नावाचा बोल्टच नसतो!

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही यवतमाळ, वर्धा, नागपूरहून गावी येता. राळेगाव तालुक्यात हा काळ सोयाबीनच्या गडबडीचा आणि कापसाच्या पहिल्या वेच्याचा. घरात कॉलेजात शिकणारं कुणी असेल, तर एक काम हमखास त्याच्या वाट्याला येतं. थ्रेशरचा नाहीतर ट्रॉलीचा बोल्ट तुटतो आणि वावरातून फोन येतो, ‘‘गाडी काढ अन् राळेगावहून सतराचा बोल्ट घेऊन ये.’’ तुम्ही दुकानात जाऊन तेच वाक्य म्हणता. दुकानदार विचारतो, ‘‘सतराचा म्हणजे कोणता भाऊ? लांबी किती? आटे कोणते?’’ इथे आपण सगळेच गप्प. बीएवालाही आणि इंजिनीअरिंगवालाही!

गंमत म्हणजे ‘सतराचा बोल्ट’ असं काही नसतंच. सतरा हा पान्याचा नंबर. बोल्टच्या सहाकोनी डोक्याच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर १७ मिलिमीटर, म्हणून त्याला सतराचा पाना लागतो. बोल्टचं खरं माप त्याच्या दांड्याच्या जाडीवर ठरतं. सतराचा पाना लागणारा नेहमीचा बोल्ट असतो ‘एम १०’, म्हणजे आट्यांवरून मोजलेली जाडी १० मिमी. एम ६ ला दहाचा पाना, एम ८ ला तेराचा, एम १२ ला एकोणीसचा, एम १६ ला चोवीसचा आणि एम २० ला तीसचा. एवढी यादी पाठ केली तरी निम्मं काम झालं.

पण निम्मंच. कारण नव्या आंतरराष्ट्रीय मापात एम १० चं डोकं १६ चं आणि एम १२ चं १८ चं झालंय. बाजारात जुनी-नवी दोन्ही मापं मिळतात. जपानी पद्धतीच्या बाइकवर तर एम १० ला चौदाचाही पाना लागतो. म्हणून पान्यावरून बोल्ट ओळखणं म्हणजे टोपीवरून माणसाची उंची सांगण्यासारखं आहे. जाडी मोजा. अकरावीच्या फिजिक्स प्रॅक्टिकलला हातात घेतलेला व्हर्निअर कॅलिपर आठवतो ना? तो इथे खरोखर कामाला येतो. वाचन ९.८ आलं तर गोंधळू नका. आटे नटात फिरावेत म्हणून बोल्ट किंचित कमीच ठेवतात. तो एम १० च.

आटे जुळले तरच जोडी

जाडीनंतर आटे. एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर म्हणजे पिच. नेहमीच्या जाड आट्यांत एम ८ चा पिच १.२५ मिमी, एम १० चा १.५, एम १२ चा १.७५ आणि एम १६ चा २. मोजायला साधी पट्टी पुरते. दहा आट्यांचं अंतर १५ मिमी भरलं, की पिच दीड. गाड्यांमध्ये मात्र काही ठिकाणी बारीक आटे असतात. एम १० लाच तिथे १.२५ चा पिच सापडतो. जाडी तीच, पण दीडच्या पिचचा नट त्यावर नीट चढणार नाही.

आपल्या भागात आणखी एक घोळ आहे, सुताचा. जुने मिस्त्री आजही ‘चार सूत’, ‘पाच सूत’ म्हणतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ही भाषा आली कुठून? १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनीअरने आट्यांचं एकच माप सगळ्यांनी वापरावं, असा प्रस्ताव मांडला. तोवर प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. पुढे व्हिटवर्थचे इंची आटे ब्रिटिश यंत्रांबरोबर जगभर पोचले. त्याचा कारखाना मँचेस्टरचा. आपल्या यवतमाळ–मूर्तिजापूर ‘शकुंतला’चं वाफेचं इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच बनलं होतं आणि १९९४ पर्यंत धावत होतं. इथला कापूस बाहेर न्यायला रूळ आले, यंत्रं आली, त्यांच्यासोबत इंची मापंही आली. भारताने १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा केला, पण दुकानाच्या फळीवरून सूत काही गेलं नाही.

यात अडचण कुठे येते? पाच सूत म्हणजे १५.९ मिमी. एम १६ म्हणजे १६. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण पाच सुताच्या व्हिटवर्थ बोल्टला इंचात ११ आटे, म्हणजे पिच साधारण २.३. एम १६ चा पिच २. एकाचा नट दुसऱ्यावर दोन-तीन आटे चढतो आणि मग अडतो. अशा वेळी पान्याला पाइप लावून जोर काढला, की आटे गेलेच म्हणून समजा. नट हाताने सहज फिरत नसेल तर थांबा. एकतर जोडी चुकली आहे किंवा आट्यांत माती आहे.

लांबी डोक्याखालून

सहाकोनी बोल्टची लांबी डोकं सोडून मोजतात. समजा प्रत्येकी १० मिमीच्या दोन पट्ट्या एम १० ने जोडायच्या आहेत. पट्ट्यांचे २०, दोन वायसरचे ४, नटाचे साधारण ८ आणि नटाबाहेर दोन आटे दिसावेत म्हणून ३. झाले ३५. म्हणजे ‘एम १० बाय ३५’. आखूड घेतला तर नटाचे सगळे आटे धरत नाहीत. फार लांब घेतला तर फिरत्या भागात तो कशाला तरी अडकू शकतो.

पूर्ण आट्याचा घ्यायचा की अर्ध्या? दोन पट्ट्या एकमेकींवरून सरकायचा प्रयत्न करत असतील, तर जिथे त्या भिडतात तिथे बोल्टचा गुळगुळीत दांडा यायला हवा. आट्यांच्या खाचेत बोल्ट बारीक असतो आणि तुटायची सुरुवातही तिथूनच होते.

डोक्यावरचे आकडे वाचा

आता सगळ्यात महत्त्वाचं. बोल्टच्या डोक्यावर ४.६, ८.८ किंवा १०.९ असे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा गुणिले १०० म्हणजे एका चौरस मिलिमीटरला तुटेपर्यंत किती न्यूटन ताण सोसेल ते. दुसरा आकडा सांगतो, त्यातल्या किती दशांश ताणापर्यंत बोल्ट कायमचा लांबत नाही. म्हणजे ८.८ चा बोल्ट ८०० ला तुटतो आणि ६४० पर्यंत शाबूत राहतो. एम १० चं ताण सोसणारं क्षेत्रफळ ५८ चौरस मिमी. हिशेब करा. ४.६ चा बोल्ट साधारण सव्वादोन टनांपुढे तुटेल आणि ८.८ चा साडेचार टनांपुढे. दिसायला दोघे जुळे भाऊ!

मग सगळीकडे १०.९ च का लावू नये? इथेच मोठं नुकसान होतं. पऱ्हाटी बारीक करायला लावलेल्या रोटाव्हेटरच्या शाफ्टवर काही वेळा ‘शिअर बोल्ट’ असतो. पात्याखाली गोटा आला, की तो तुटतो. त्याचं कामच ते. फ्यूज जसा स्वतः जळून घराची वायरिंग वाचवतो, तसा हा बोल्ट तुटून गिअरबॉक्स वाचवतो. ‘सारखा तुटते हा, मजबूत टाक’ म्हणत तिथे १०.९ बसवला, तर पुढच्या गोट्याला बोल्ट टिकतो आणि झटका गिअरबॉक्सला बसतो. काही रुपयांचं काम हजारांवर जातं, हंगामातला दिवस जातो तो वेगळाच. उलट चाकाच्या किंवा थ्रेशरच्या फिरत्या ड्रमच्या बोल्टजागी नंबर नसलेला स्वस्त बोल्ट लावणं म्हणजे जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाशी खेळ. जिथे जो नंबर कंपनीने दिलाय, तिथे तोच. नटसुद्धा त्याच ताकदीचा: ८.८ च्या बोल्टला ८ नंबरचा नट.

तुटलेला बोल्ट नमुना म्हणून खिशात घेऊन जा, चांगलीच सवय आहे. फक्त त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मागच्या वेळी घाईत कुणी चुकीचाच बसवला असेल, तर तुम्ही तीच चूक पुन्हा विकत आणाल. मशीनचं पुस्तक घरात कुठेतरी असतंच, त्यात बघा. त्याच मशीनवरचा दुसरा न तुटलेला बोल्ट बघा. आणि काउंटरवर एका दमात सांगा, ‘‘एम १०, दीडचे आटे, ३५ लांब, ८.८ चा. नट आणि दोन वायसर सोबत.’’ दुकानदार उलटा प्रश्न विचारणार नाही, सरळ डबा उघडेल.