कॉइल निवडावी मातीवरून

मेटल डिटेक्टर घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती फूट खोलवरचे सापडेल? मग मोठी कॉइल घेतली जाते, कारण मोठी म्हणजे खोल, एवढा हिशेब सगळ्यांनाच पटतो. नांदेड-लातूरच्या जमिनीवर मात्र तो फसतो. इथे सोन्याचा विचार नंतर करावा, आधी माती पाहावी. आणि माती नीट पाहिली तर बऱ्याचदा उत्तर असे येते की कुठलीच कॉइल घेऊ नये.

कॉइल म्हणजे प्लॅस्टिकच्या तबकडीत बसवलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे. त्यातून बदलता प्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते, ते जमिनीतल्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठवते आणि त्या प्रवाहांचे क्षीण क्षेत्र वर परतून यंत्राला ऐकू येते. फॅरडेने 1831 मध्ये दाखवलेले तत्त्व ते हेच. 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी ग्रॅहॅम बेल यांनी याच तत्त्वावरच्या यंत्राने शोधून पाहिली. गोळी सापडली नाही. रुग्णाच्या गादीतल्या पोलादी तारांनी घोळ घातल्याचे त्यांना मागाहून कळले. आपल्याकडे त्या गादीचे काम जमीनच करते. दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, मॅग्नेटाइट या लोहखनिजाने भरलेला, आणि काळी माती त्याचीच झीज. उदगीरच्या पठारावर जांभा आहे, तो आणखी त्रासदायक. लोहखनिजाचे त्यातले अतिसूक्ष्म कण चुंबकत्व घेतात आणि किंचित उशिराने सोडतात. पल्स इंडक्शन जातीचे यंत्र नेमका हा उशीर मोजून धातू ओळखते, त्यामुळे जांभ्याचा साधा खडाही त्याला धातूसारखा वाटू शकतो. पावसानंतरची ओली काळी माती थोडी वीजवाहकही होते, ती भर वेगळीच.

आता मोठ्या कॉइलचे काय होते ते पाहा. अठरा इंची कॉइल जास्त खोल पाहते हे खरे, पण ती एका वेळी जास्त मातीही पाहते. मातीचा गोंगाट वाढतो आणि गुंजभर सोन्याचा इशारा त्यात बुडतो. शिवाय कॉइलच्या व्यासापेक्षा बरेच खाली गेल्यावर खोली दुप्पट झाली की परतणारा इशारा ढोबळमानाने चौसष्टपट क्षीण होतो. तिथे कॉइलचे चार इंच वाढवून फारसे हाती लागत नाही. म्हणून अशा जमिनीत जाणकार लहान, सहा ते अकरा इंची कॉइल पसंत करतात, तीही डबल डी प्रकारची. तिच्यात इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी पाठीला पाठ लावून मधोमध एकमेकांवर थोडी चढवलेली असतात. ती जमिनीची सुरीसारखी अरुंद पट्टी वाचते, एकाच वेटोळ्याच्या मोनो कॉइलसारखा मातीचा अख्खा शंकू वाचत नाही. थोडी खोली गमवावी लागते, पण ऐकू आलेल्या आवाजावर विश्वास ठेवता येतो. शेतात हरवलेली अंगठी शोधायची असेल तर हीच कॉइल योग्य. तरीही वखराच्या पाशीचा तुकडा, खिळे आणि औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाची चमकी वाजतच राहणार. चमकीचे ॲल्युमिनियम आणि बारीक सोने यंत्राला जवळजवळ सारखेच भासतात.

हे झाले हरवलेल्या सोन्याचे. जमिनीत मुळातच असलेल्या सोन्यासाठी लातूरने एक उत्तर फार मोठी किंमत देऊन मिळवले आहे. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी 617 मीटर खोल विवर घेतले. त्यात बेसाल्टचे थर 338 मीटरपर्यंत निघाले आणि त्याखाली गाळाचा पातळ थर ओलांडल्यावर कुठे प्राचीन खडक लागला. दक्षिणेतले सोने त्या प्राचीन जगातले आहे. कोणत्याही कॉइलचा पल्ला मात्र अशा कामात हात-दोन हातांचा.

यावर देगलूर, बिलोली, मुखेडकडचा माणूस म्हणेल की आमच्याकडे तर तो जुना ग्रॅनाइट उघडाच आहे. आहे, पण नुसता ग्रॅनाइट पुरत नाही. रायचूर जिल्ह्यातले हट्टी, एकेकाळी नांदेड-लातूरसारखेच निजामाच्या राज्यातले, तिथले सोने ग्रॅनाइटने वेढलेल्या शिस्ट खडकांच्या पट्ट्यात आहे. त्याच टापूतल्या मस्कीला 1915 मध्ये सोन्याच्या शोधात फिरणाऱ्या बीडन नावाच्या अभियंत्याला अशोकाचा शिलालेख सापडला, तोही खुद्द अशोकाचे नाव असलेला. कॉइलशी याचा संबंध नाही, पण सोने शोधताना याहून चांगले काही क्वचितच कोणाला मिळाले असेल. हट्टीतही टनभर दगडामागे काही ग्रॅम एवढेच सोने, बहुतेक नजरेला न दिसणारे. ते कॉइलला ऐकू येत नाही, दगड दळूनच काढावे लागते. पूर्व विदर्भाकडचे सोनझारी नदीच्या वाळूतून कण काढतात ते पाण्याने धुऊन, आणि सराफ्यातली धूळ घेणारे झारेकरीही तेच करतात. कणांच्या सोन्याला पाणी आणि वजन कळते. कॉइलला गोटा लागतो, जसा ऑस्ट्रेलियात मिळतो.

उरतो गुप्तधनाचा आक्षेप, आणि मोठ्या कॉइलचे खरे गिऱ्हाईक तेच असते. हंड्याएवढी वस्तू मोठ्या कॉइलने खोलवर सापडू शकते, हे मान्य करायलाच हवे. पण कंधार, उदगीर, औशाच्या किल्ल्यांत यंत्र घेऊन उकरणे हा गुन्हा आहे. अँटेनाच्या दांड्या धरून कोसभरावरचे सोने दाखवणारी जी यंत्रे विकली जातात, त्यांची जागा पाणाड्याच्या काठीशेजारी; असेच एक निरुपयोगी उपकरण बॉम्बशोधक म्हणून विकणाऱ्या व्यापाऱ्याला ब्रिटनमध्ये 2013 साली दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षीच्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावाने चालणाऱ्या अघोरी प्रकारांना शिक्षा आहे. आणि स्वतःच्या शेतात खरेच काही पुरलेले लागले, तर 1878 च्या कायद्याने ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. त्यासाठी त्या कायद्याने घातलेली किमतीची मर्यादा दहा रुपयांची आहे.