उडी मार, मामी!

तुमच्या घरात पंधरा ते पंचविशीतलं कुणी असेल आणि रात्री बंद दाराआडून "अरे मागे बघ, मागे!", "मला उचल, लवकर उचल!" अशा आरोळ्या ऐकू येत असतील, तर मैत्रिणींनो, हा लेख तुमच्यासाठी आहे. "काय मेलं ते पब्जी!" असं आपण जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी सगळ्याच म्हणतो. पण त्यात नेमकं चालतं काय, हे विचारलं तर? बंदुका आहेत, एवढंच आपल्याला ठाऊक. मी सकाळच्या शाळेत आठवी-नववीला मराठी शिकवते, तिथेही मधल्या सुट्टीत मुलांच्या तोंडी हाच विषय. तेव्हा दिवाळीत नणंदेचा मुलगा राहायला आला (अठरा पूर्ण, मिसरूड फुटलेली), त्याला फराळाचं ताट पुढे करून म्हटलं, "मला शिकव." आमचे हे वर्तमानपत्राआडून हसले. हसू देत.

आधी कुळकथा सांगते. ब्रेंडन ग्रीन नावाचा एक आयरिश गृहस्थ. ब्राझीलमध्ये राहून फोटो काढणं, पार्ट्यांत गाणी लावणं असली कामं करायचा. २००० साली एक जपानी चित्रपट आला होता, 'बॅटल रॉयल'. शाळकरी मुलांना एका बेटावर सोडतात आणि शेवटी एकच उरायला हवा, अशी त्याची भयंकर कथा. त्यावरून ग्रीनला कल्पना सुचली, आणि एका कोरियन कंपनीने त्याला हाताशी धरून २०१७ साली खेळ बाजारात आणला. २०१८ मध्ये तो मोबाइलवर आला, आणि मग आपल्या घरांत शिरला. २ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात हाही गेला. २ जुलै २०२१ ला 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने परतला, २८ जुलै २०२२ ला पुन्हा अदृश्य झाला, आणि मे २०२३ मध्ये पुन्हा उगवला. कागदोपत्री नाव काहीही असो, मुलं पब्जीच म्हणतात.

आता खेळ. शंभरपर्यंत माणसं एका विमानात बसतात. कुणी इंदूरचं, कुणी कोल्हापूरचं, जो तो आपापल्या घरी फोन घेऊन बसलेला. खाली बेट. पहिल्या बेटाचं नाव एरँगल, आठ किलोमीटर लांब आणि तितकंच रुंद. वाटेल तिथे पॅराशूट घेऊन उडी मारायची. हातात काही नाही. रिकाम्या घरांत शिरून बंदूक, गोळ्या, चिलखत, मलमपट्टी जे मिळेल ते गोळा करायचं. दरम्यान बेटावर एक मोठं वर्तुळ आखलेलं असतं आणि ते टप्प्याटप्प्याने लहान होत जातं. बाहेर राहिलात तर जीव हळूहळू कमी होतो. म्हणजे लपून बसायची सोय नाही, सगळ्यांना एकमेकांच्या अंगावर यावंच लागतं. शेवटी उरेल तो जिंकला.

"उडी मार, मामी!" भाचा ओरडला तेव्हा मी अजून खालचा समुद्रच बघत होते. डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने मान वळवायची, आणि त्याच उजव्याने गोळीही झाडायची. एका हाताने पोळी लाटत दुसऱ्याने तव्यावरची उलटणाऱ्या बाईला हे काय कठीण, असं वाटेल. पण माझी बाहुली पाच मिनिटं एका भिंतीला नाक लावून चालत राहिली.

एका गोष्टीत मात्र मी भाच्याच्या पुढे निघाले. घरात शिरलं की मी पाठीमागे दार लावायची. का? सवय! घरात मांजर येतं, धूळ येते. भाचा म्हणाला, "मामी, हे तुला कुणी सांगितलं?" तिथे म्हणे सगळी दारं आधी बंद असतात. उघडं दार दिसलं की ओळखायचं, कुणीतरी येऊन गेलंय, नाहीतर आत दबा धरून बसलंय. नवशिके दारं उघडी टाकून जातात आणि मागावर माणसं येतात. आणि आणखी एक गंमत. त्या घरांत चक्क फ्राइंग पॅन सापडतो! तो पाठीला लटकवला की मागून आलेली गोळी त्यावर टण्णकन आपटून वाया जाते. एवढ्या सगळ्या शस्त्रांत न फुटणारी वस्तू कोणती, तर स्वयंपाकघरातली. बाई, मला तर धन्य वाटलं.

पहिल्याच डावात मी तिघांना गारद केलं. (रक्त हिरवं दाखवतात, हे बरं.) मी अशी फुलून गेले की ह्यांना हाक मारून दाखवलं. भाचा गप्प. दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं, "मामी, ती माणसं नव्हती. नवीन खेळाडूला सुरुवातीला कॉम्प्युटरने चालवलेली पात्रं देतात. ती वेड्यासारखी उभी राहतात." म्हणजे पहा, नवं गिऱ्हाईक हिरमुसून जाऊ नये म्हणून आधी चार डाव जिंकवून आणायचं. तुमची पायरी चढली की खरी माणसं वाढतात, आणि मग कळतं. तिसऱ्या दिवशी मी शेतातून धावत होते, ठो आवाज झाला आणि खेळ संपला. कुणी मारलं, कुठून मारलं, पत्ता नाही. इतकं अपमानास्पद वाटलं की लगेच पुन्हा सुरू करावंसं वाटलं. ते 'लगेच पुन्हा' फार वाईट, मैत्रिणींनो. हरल्यावर आपण उठत नाही. जिंकलो असतो तर कदाचित उठलो असतो.

मग चौघांचा संघ करून खेळलो. मी, भाचा आणि त्याचे दोन मित्र. इथे गोळी लागली की माणूस लगेच मरत नाही, गुडघ्यांवर रांगतो, आणि सोबत्याने येऊन काही सेकंद खपलं तर उठतो. "मला उचल" ची आरोळी ती हीच. एकदा गॅसवर दूध होतं. उतू जाणार म्हणून मी फोन ठेवून गेले आणि बंद करून आले. दीड मिनिट. तेवढ्यात मी रांगत होते, आणि तिघं पोरं मला सोडून न जाता माझ्याभोवती गोळ्या खात बसली होती. हा खेळ थांबवता येत नाही. कॅरमसारखं "जेवून येते, मग पुढे" नाही. आणि आपण उठलो तर बाकीचे तिघं अडचणीत येतात. "ताटं वाढलीत" ही हाक त्या मुलाच्या कानावर पडते, पण तो उठत का नाही, हे मला त्या दीड मिनिटात समजलं.

म्हणून सांगते, डाव मध्येच तोडायला सांगू नका. त्यावरून घरात रोज जुंपते आणि निघत काहीच नाही. मोठ्या बेटावरचा पूर्ण डाव साधारण अर्ध्या तासाचा. किती जण उरले, तो आकडा पडद्यावर वरच्या बाजूला दिसतो. "किती उरलेत रे?" असं विचारा. "बारा" म्हणाला तर वरणाला फोडणी घाला, तोवर येईल. "नव्वद" म्हणाला तर त्याच्याशिवाय बसा. आणि नवा डाव सुरू व्हायच्या आधी, त्या दोन डावांच्या मधल्या मिनिटाला, खरी कडक व्हा. शब्द चालतो तो तिथेच. आमच्याकडे दिवाळीभर हे चाललं.

पैशाचंही पाहा. खेळ फुकट, पण बाहुलीचे कपडे, बंदुकीवरचे रंग हे सगळं खऱ्या पैशाने विकत मिळतं. अंगरख्याने नेम सुधारत नाही, पण मुलांना हवा असतो. बँकेचं कार्ड फोनमध्ये नोंदवलेलं ठेवू नका, एवढंच. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली, ती गोष्ट वेगळी, त्यात हा खेळ मोडत नाही. २०२३ मध्ये परत आला तेव्हा अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तास अशी मर्यादा घालून आला. तीन तास! कुणाच्या आईला विचारून ठरवलं देव जाणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत खेळाच्या व्यसनाचं नाव आहे, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. स्वतःवर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, अशा त्यांच्या खुणा. सुट्टीत दोन तास खेळणारा पोरगा त्यात बसत नाही, हे मीही मानते.

मला खरं अस्वस्थ केलं ते वेगळ्याच गोष्टीने. एके रात्री भाच्याचे मित्र नव्हते, म्हणून संघात दोन अनोळखी मुलं आली. खेळता खेळता एकमेकांशी बोलता येतं. मी नुसतं म्हटलं, "अरे, बाजूला हो." क्षणभर शांतता. मग एकाने "लडकी है क्या?" विचारलं, आणि दुसऱ्याने जे काही म्हटलं ते मी इथे लिहिणार नाही. माझ्या वर्गातल्या मुलांपेक्षा मोठा आवाज नव्हता तो. भाच्याचे कान लाल झाले. त्याने त्या मुलाचा आवाज बंद केला, तक्रारीचं बटण दाबलं, आणि मान खाली घालून खेळत राहिला.

"हे नेहमीच असतं का रे?"

"बाईचा आवाज आला की बऱ्याचदा," तो म्हणाला. "म्हणून तर ताई माइक बंद ठेवून खेळते."

ताई म्हणजे त्याची मोठी बहीण, पुण्यात वसतिगृहात राहून एम.एस्सी. करते. ती खेळते हे तिच्या आईलाही माहीत नव्हतं. तीन वर्षं खेळतेय, भाच्यापेक्षा चार पायऱ्या वर आहे, आणि या तीन वर्षांत तिने खेळताना एक शब्द उच्चारलेला नाही. शत्रू कुठे आहे हे सोबत्यांना सांगायचं तर नकाशावर खूण करते. ती नावही मुलाचंच घेऊन खेळते.

मी तिला फोन केला. आधी घाबरली, "मामी, आईला सांगू नकोस हं." आता रविवारी रात्री ओटा आवरून झाला की साडेनऊला मी, ती, भाचा आणि तिच्या वसतिगृहातली एक मैत्रीण असे चौघं बसतो. अनोळखी कुणी घेत नाही. माइक चौघांचेही चालू असतात. पोरगी इतकी बडबडते की शत्रूची पावलं ऐकू येत नाहीत. गेल्या रविवारी आम्ही सहावे आलो.