मांजर वारंवार ओकतें तेव्हां

रायगडाच्या पायथ्याशीं वसलेलें पाचाड महाराष्ट्राला ठाऊक आहे तें जिजाबाईंच्या वाड्यामुळें आणि समाधीमुळें. गडावरची थंड, बोचरी हवा आईसाहेबांना मानवेना म्हणून शिवाजीमहाराजांनीं त्यांच्यासाठीं खालीं पाचाडास वाडा बांधला. आणि राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांनीं, १७ जून १६७४ रोजीं, तेथेंच त्यांचा अंत झाला. गडावर जाणारा प्रवासी एवढें पाहून पुढें निघतो. परंतु वाड्याच्या आसपास जें साधें गांव नांदत आहे, तें भाताचें गांव आहे. भात आलें कीं त्याची सांठवण आली, सांठवण आली कीं उंदीर आले, आणि उंदरांमागून मांजर. अशा गांवांत मांजर कोणी विकत आणीत नाहीं व कोणी पाळीतहि नाहीं. तें घरांत असतें, इतकेंच. ताटांतला उरलेला भात, वर चिमूटभर सुकट, सकाळीं थोडें दूध, आणि बाकीचें पोट त्यानें स्वतःच्या हिंमतीवर भरावें, असा हा अलिखित करार असतो.

असें मांजर ओकलें तर गोठ्यामागें ओकतें, नाहीं तर परसांत. मागून कोंबडी येते किंवा कुत्रें येतें, आणि पुरावा नाहींसा होतो. मांजर आठवड्यांतून किती वेळां ओकलें, असें घरांतल्या कोणाला विचारलें तर उत्तर मिळणार नाहीं. त्यांनीं हेळसांड केली असें नव्हे. त्यांच्या दृष्टीसच तें पडत नाहीं.

पण त्याच मांजराचें एखादें पिलूं टोपलींत बसून एस्‌टीनें मुंबईला जातें. नोकरीसाठीं शहरांत राहिलेल्या मुलाच्या दोन खोल्यांत त्याचा संसार सुरू होतो. तेथें परसूं नाहीं, कोंबडी नाहीं. आहे ती सतरंजी, गादी आणि धुऊन ठेवलेल्या कपड्यांची चळत. एकदां ओकलें, दोनदां ओकलें, कीं सूनबाईच्या लक्षांत तारीखवार राहूं लागतें. गांवीं फोन केला तर सासूबाई हंसून म्हणतात, “अगो, मांजर ओकतंच!” शेजारीण म्हणते, “केंस गिळतें ना, म्हणून.” दोघींच्या बोलण्यांत थोडें तथ्य आहे. अडचण अशी कीं, तेवढ्या तथ्यावर विसंबून पुष्कळ मांजरें वर्षानुवर्षें आजारी राहतात.

मांजराला ओकणें सोपें जातें, हें खरें. तें शिकारी जनावर आहे. उंदीर किंवा चिमणी खातांना केंस, पिसें, हाडें असें न पचणारेंहि पोटांत जातें, आणि जें पुढें सरकत नाहीं तें वर काढून टाकण्याची सोय निसर्गानें त्याला दिली आहे. शिवाय त्याच्या जिभेवर मागें वळलेले बारीक, टणक कांटे असतात. या कांट्यांचीं टोंकें पन्हळीसारखीं पोकळ असून त्यांतून लाळ केंसांच्या मुळापर्यंत पोंचते, असें २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनांत दाखविण्यांत आलें. अंग चाटतांना सुटलेला केंस या कांट्यांत अडकतो. तो मागें ढकलण्यावांचून मांजराला गत्यंतर नसतें. मात्र गिळलेले बहुतेक केंस विष्ठेवाटे निघून जातात. उरले तर त्यांचा पुंजका होतो, आणि अन्ननलिकेंतून वर येतांना त्याला सुरळीचा आकार येतो.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. लांब केंसांच्या इराणी मांजरानें मधून मधून केंसांची सुरळी टाकली तर त्यांत नवल नाहीं. आपलें गांवठी मांजर आंखूड केंसांचें. त्यानें वरचेवर केंस ओकावे, हें सरळ लक्षण नव्हे. एक तर पिसवांमुळें किंवा खाजेमुळें तें अंग प्रमाणाबाहेर चाटीत असावें, किंवा त्याचें जठर व आंतडें केंस पुढें ढकलण्याचें रोजचें काम नीट करीत नसावें.

गवताचेंहि तसेंच. मांजराचें पोट बिघडलें म्हणून तें गवत खातें, हा समज सार्वत्रिक आहे. कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं मांजरवाल्या हजाराहून अधिक लोकांना विचारून २०१९ सालीं जें मांडलें, त्यावरून बहुतेक मांजरें गवत खातात, खाण्यापूर्वीं तीं आजारी दिसत नाहींत, आणि खाल्ल्यावर वारंवार ओकणारीं सुमारें चौथाईच असतात. म्हणजे गवत खाणें ही जातीची खोड आहे. तें दरवेळच्या ओकारीचें कारण म्हणून पुढें करतां येत नाहीं.

मग वारंवार ओकणाऱ्या मांजराच्या पोटांत असतें तरी काय? टेक्ससमधील एका पशुवैद्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं २०१३ सालीं शंभर मांजरांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तीं दीर्घकाळ ओकणारीं, जुलाब होणारीं किंवा रोडावत जाणारीं होतीं, आणि सोनोग्राफींत त्यांच्या लहान आंतड्याची भिंत जाड झालेली दिसली होती. आंतड्याचे तुकडे काढून तपासले, तेव्हां शंभरापैकीं नव्व्याण्णवांच्या आंतड्यांत खरोखरीचा रोग निघाला. बहुतेकांत एक तर जुनाट दाह होता, नाहीं तर लिंफोमा नांवाचा कर्करोग. हीं मांजरें निवडून घेतलेलीं होतीं, तेव्हां प्रत्येक ओकणाऱ्या मांजराला कर्करोग झाला आहे असा अर्थ कोणीं काढूं नये. पण यांतल्या कित्येकांच्या घरीं “आमचें मांजर पहिल्यापासून असेंच,” हेंच वाक्य बोललें जात असणार. महिन्यांतून दोन-तीनदां ओकारी होऊं लागली कीं त्या वाक्याचा उपयोग संपला, असें समजावें.

पशुवैद्याकडे जाण्यापूर्वीं घरच्यांनीं एक ओळख करून घेतली पाहिजे. कारण तीन निरनिराळ्या गोष्टींना एकच नांव दिलें जातें. खऱ्या ओकारींत मांजर आधीं अस्वस्थ होतें, ओंठ चाटतें, लाळ गाळतें. मग त्याचें पोट भात्यासारखें आंतबाहेर होतें आणि नंतर पडतें. पोट मुळींच न हलतां, मान खालीं घातल्याबरोबर न पचलेलें अन्न नळीच्या आकारानें बाहेर आलें, तर तें जठरापर्यंत पोंचलेंच नव्हतें. दोष अन्ननलिकेंत आहे. आणि मांजर मान लांबवून, जमिनीशीं दबून खरखरतें, पण शेवटीं कांहींच पडत नाहीं, तेव्हां तो बहुधा खोकला असतो. दम्याच्या मांजराला केंस अडकल्याचें औषध महिनोन् महिने चाटविलें जातें तें याच घोटाळ्यामुळें. वर्णन करून सांगण्यापेक्षां मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचें चित्रण करून दाखवावें. पशुवैद्याला त्यांतून अधिक कळतें.

पडलेलें काय आहे, तेंहि नाक मुरडून पुसण्यापूर्वीं एकदां पाहावें. खाल्ल्यावर पांच मिनिटांत जसाच्या तसा भात पडला, तर अधाशीपणा कारण असूं शकतो. दोन मांजरें एकाच ताटलींत जेवत असलीं कीं हें हमखास घडतें. ताटल्या वेगळ्या केल्या आणि थोडें थोडें चार वेळां दिलें, कीं पुष्कळदां एवढ्यावरच भागतें. शेवयांसारखे पांढरे जंत पडले तर निदान आपोआपच झालें. लाल रक्त किंवा काॅफीच्या चोथ्यासारखें कांहीं दिसलें, तर त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.

कारणें मात्र मांजर कोठें राहतें यावर पुष्कळ अवलंबून असतात. पाचाडसारख्या गांवांत पहिला संशय पालीवर घ्यावा. उष्ण प्रदेशांत मांजराच्या यकृतांत राहणारा एक चपटा जंत आहे. त्याचीं अंडीं गोगलगाईच्या पोटांत जातात, तेथून ओलसर जागच्या किड्यांत, किड्यांतून पालीच्या अंगांत, आणि पाल खाल्ली कीं मांजराच्या पित्तनलिकेंत. थोडे जंत असले तर कांहीं कळत नाहीं. फार झाले तर मांजर अन्न टाकतें, ओकतें, आणि डोळ्यांच्या कडा व हिरड्या पिवळ्या पडतात. दुकानांतून आणलेल्या जंताच्या गोळीची नेहमींची मात्रा याला पुरत नाहीं. तेव्हां मांजर पाली खातें, हें पशुवैद्याला न विसरतां सांगावें.

दुसरा संशय उंदरांच्या औषधाचा. झिंक फॉस्फाइडची काळसर पूड पिठांत मळून ठेवतात. ती पोटांत गेली कीं तिच्यापासून विषारी वायु सुटतो. ओकारीला लसणासारखी किंवा सडक्या मासळीसारखी घाण येते. ती घाण हुंगून पाहूं नये. दारें-खिडक्या उघडाव्या, मुलांना बाहेर काढावें आणि मांजराला तत्काळ न्यावें. ज्या घरांत मांजर आहे त्या घरानें हें औषध आणूंच नये. उंदरांसाठीं ठेवलेला नोकर असतांना वर विष कशाला?

शहरांतील घरांत संकटें निराळीं. शिवणाच्या डब्यांतला दोरा हें त्यांतलें सर्वांत वाईट. दोऱ्याचें एक टोंक जिभेखालीं अडकतें, दुसरें आंतड्यांत उतरतें आणि आंतडें चुणीसारखें गोळा होऊन कापलें जातें. तोंडाशीं किंवा गुदद्वाराशीं दोरा दिसला तर तो ओढूं नये. फुलदाणींतलीं लिलीचीं फुलें मांजराच्या मूत्रपिंडांना घातक आहेत. पाकळी चावली किंवा अंगावर पडलेला पराग चाटला, तरी पुरें होतें. दहा वर्षांपुढचें मांजर भरपूर खाऊनहि रोडावत असेल आणि ओकत असेल, तर गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचा विचार करावा लागतो. १९७९ सालापासून हा विकार नोंदला गेला असून त्यावर औषध आहे. पाणी जास्त पिणारें, ओकणारें म्हातारें मांजर मूत्रपिंडाच्या विकाराचें असूं शकतें. दोन्ही गोष्टी रक्ताच्या तपासणींत कळतात.

कांहीं मांजरांना ठराविक अन्नच सोसत नाहीं. त्यांच्या बाबतींत, पूर्वीं कधीं न खाल्लेलें एकच प्रकारचें मांस कांहीं आठवडे देऊन पाहतात. पोटाची तक्रार अन्नामुळें असेल तर बहुधा दोन-तीन आठवड्यांत उतार दिसूं लागतो. मुंबईच्या बंद घरांत हा प्रयोग साधतो. पाचाडांत तो साधणें कठीण, कारण आपल्या घरीं पथ्य आणि शेजारच्या घरीं सुकट असा मांजराचा दुहेरी कारभार चालूं राहतो. दुधाचें म्हणाल तर, वाढत्या वयाबरोबर बहुतेक मांजरांना दुधांतली साखर पचेनाशी होते. दूध बंद करून पंधरा दिवस पाहणें हा बिनपैशाचा उपाय आहे.

घरगुती उपायांनीं होणारें नुकसान थोडें नाहीं. ताप वाटला म्हणून माणसाची पॅरासिटॅमॉलची गोळी दिली, तर तीच जीव घेते; मांजराच्या यकृताला ती पचवितां येत नाहीं. केंस निघावे म्हणून तोंडांत तेल ओतलें तर तें फुप्फुसांत उतरतें. कांदा-लसूण वर्ज्य. आणि पोटाला विश्रांति म्हणून मांजराला दिवसचे दिवस उपाशी ठेवणें हें कुत्र्यापेक्षां मांजराला फार महाग पडतें: दोन-तीन दिवस अन्न पोटांत गेलें नाहीं, तर त्याच्या यकृतांत चरबी सांठूं लागते, आणि मूळ आजारापेक्षां तोच आजार भारी होतो. लठ्ठ मांजराला हा धोका विशेष. पिलांचें तर एका दिवसांतहि होत्याचें नव्हतें होतें. लस न टोंचलेलें पिलूं एकाएकीं ओकूं लागून मलूल पडलें, तर उद्यांची वाट पाहूं नये.

पाचाडहून महाड सुमारें पंचवीस किलोमीटर. मुंबईकरांच्या मांजरांसाठीं परळचें बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचें इस्पितळ १८८३ सालापासून आहे, त्याच्या जोडीला १८८६ सालीं निघालेलें पशुवैद्यक महाविद्यालयहि आहे. खेड्यांतल्या माणसाला मात्र ‘गुरांचा दवाखाना’ या नांवाचाच अडसर होतो: तेथें बैल न्यावा, म्हैस न्यावी, मांजर घेऊन गेलें तर लोक काय म्हणतील? काय म्हणायचें तें म्हणोत. बैलाला तपासणारा तो डॉक्टर मांजरालाहि तपासूं शकतो, आणि जंताचें औषध, सलाईन व ओकारी थांबविणारें इंजेक्शन एवढ्यानेंहि पुष्कळ मांजरें वांचतात.

तेथवर जावें कीं थांबावें, याचा निर्णय करण्यास घरांत दोन साधनें पुरतात. एक भिंतीवरची दिनदर्शिका: ओकारी झाली कीं त्या तारखेवर फुली, आणि शेजारीं एका शब्दांत काय पडलें तें. दुसरें साधन वाण्याचा काटा. पिशवींत घालून मांजराचें वजन महिन्याकाठीं एकदां करावें. चार किलोंचें मांजर साडेतीन किलोंवर आलें तर डोळ्यांना कळत नाहीं, केंसांखालीं तें झांकून जातें; पण त्याच्या शरीराचा आठवा हिस्सा गेलेला असतो. फुल्या वाढत आहेत आणि वजन उतरत आहे, असें दिसलें कीं पुढें वाद नको. फुल्या मधून मधून, वजन कायम, भूक चांगली, असें असेल तर ताटली, दूध आणि जंत या तीन गोष्टींपासून आरंभ करून वाट पाहण्यास हरकत नाहीं.

इतकें करूनहि कांहीं मांजरें पूर्ण बरीं होत नाहींत. आंतड्याचा जुनाट दाह औषधानें आटोक्यांत राहतो, पण औषध जन्माचें लागतें. आठवड्याची ओकारी महिन्यावर आली तरी तें यशच. मग घरानें थोडें मांजराच्या कलानें घ्यावें. ज्या कोपऱ्यांत तें झोपतें तेथें धुण्याजोगें जुनें लुगडें अंथरावें, डाग गरम पाण्यानें न धुतां आधीं थंड पाण्यानें धुवावा, आणि ओकतांना त्याला उचलून बाहेर पळवूं नये, कारण त्या धांवपळींत ओकारी श्वासनलिकेंत जाऊं शकते. ओरडून तर कांहींच साधत नाहीं. पुढच्या वेळीं तें पलंगाखालीं जाऊन ओकेल, आणि दिनदर्शिकेवरची एक फुली कमी पडेल.