ट्रकचालकाची झोप : कायदा काय सांगतो आणि डॉक्टरांना काय सांगावे?

ट्रक, टँकर किंवा लक्झरी बस चालवणाऱ्यांच्या घरचे दवाखान्यात नेहमी म्हणतात, "डॉक्टर, यांची झोपच होत नाही, काहीतरी टॉनिक द्या." झोपेची उणीव टॉनिकने भरून निघत नाही. ती झोपेनेच भरते. आणि विश्रांती हा चालकाचा कायदेशीर हक्कही आहे.

कायदा काय सांगतो?

पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायासाठी मोटार परिवहन कामगार कायदा, 1961 ने ही चौकट घालून दिली :

- दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तास काम. लांब पल्ल्यासाठी मंजुरी घेऊन जास्तीत जास्त 10 आणि 54 तास.
- सलग 5 तासांपेक्षा जास्त काम नाही. मध्ये किमान अर्धा तास विश्रांती.
- एका दिवसाचे काम संपल्यावर दुसऱ्या दिवशीचे सुरू होईपर्यंत किमान सलग 9 तास विश्रांती, शिवाय साप्ताहिक सुट्टी.

2020 च्या कामगार संहितेतही रोजच्या 8 तासांची मर्यादा आहे. मालवाहतूकदाराला 2007 च्या कायद्यानुसार नोंदणी करावी लागते. चालकाचा व्यावसायिक परवाना 5 वर्षांसाठी असतो आणि त्यासाठी डॉक्टरांचे फॉर्म 1-अ प्रमाणपत्र लागते. त्यात भर असतो तो नजर, ऐकणे, फिट्स, हृदयविकार यांवर. काल रात्री चालक किती झोपला, हे कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते.

थकव्याने काय होते?

सलग 17 तास जागे राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया साधारणपणे रक्तात 100 मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम दारू असल्यासारखी मंदावते. आपल्याकडे गाडी चालवण्यासाठी कायदेशीर मर्यादा 30 मिलिग्रॅम आहे. म्हणजे दारूचा थेंबही न घेतलेला चालक मद्यपी चालकाइतकाच धोकादायक ठरू शकतो, आणि पोलिसांच्या फुंकर-यंत्रात ते दिसत नाही.

अशा वेळी काही सेकंदांची डुलकी लागते, कधी डोळे उघडे असतानाच. ताशी 80 किलोमीटर वेगाने 4 सेकंदांत गाडी जवळपास 90 मीटर पुढे जाते. पहाटे 2 ते 6 आणि दुपारी जेवणानंतर हा धोका जास्त. समृद्धी महामार्गासारख्या सरळ, मोकळ्या रस्त्यावरही पेंग लवकर येते.

झोप होऊनही पेंग येते?

मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे, दचकून उठणे, सकाळी डोके जड, औषधे घेऊनही न उतरणारा रक्तदाब ही स्लीप ॲप्नियाची लक्षणे असू शकतात. लठ्ठ, जाड मानेच्या पुरुषांत हा आजार अधिक दिसतो. रुग्णाला स्वतःला तो कळत नाही. शेजारी झोपणाऱ्याला कळतो. झोपेच्या तपासणीने निदान होते आणि वजन कमी करणे, सीपॅप मशीन अशा उपायांनी बहुतेकांना चांगला फरक पडतो.

औषधांबाबत काळजी

सर्दीच्या अनेक गोळ्या, काही खोकल्याची औषधे आणि झोपेच्या गोळ्यांनी गुंगी येते. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन जेवण चुकले, तर साखर अचानक उतरते. औषध घेताना "मी गाडी चालवतो" हे डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्याला आवर्जून सांगा. जागे राहण्यासाठी ढाब्यावर मिळणाऱ्या गोळ्या घेऊ नका.

वाटेत काय करावे?

- जांभया, डोळे चोळणे, मागचे काही किलोमीटर न आठवणे, गाडी लेन सोडणे : सुरक्षित जागा पाहून लगेच थांबा.
- चहा-कॉफी घेऊन 20 मिनिटे झोपा. उठल्यावर 10-15 मिनिटांनीच गाडी सुरू करा.
- मोठ्याने गाणी किंवा तोंडावर पाणी यांचा उपयोग फार थोडा वेळ टिकतो. हे पूर्ण झोपेला पर्याय नाहीत.

घरच्यांसाठी

फोनवर "कधी पोहोचणार?" याऐवजी "झोपलात का?" विचारा. तपासणीला सोबत या आणि घोरण्याबद्दल तुम्हीच सांगा. फिटनेस प्रमाणपत्रासाठी न तपासता सही मागू नका. परवाना जाईल या भीतीने आजार लपवू नका. धोकादायक आजार माहीत असूनही गाडी चालवणे मोटार वाहन कायद्यानुसार गुन्हा आहे. चालवताना एकदा जरी डोळा लागला असेल, तर पुढची ट्रिप घेण्याआधी डॉक्टरांना भेटा.