पीएच.डी.चा उमेदवार तयार कधी?

पुण्यात संख्याशास्त्राची परंपरा जुनी. विद्यापीठातला विभाग १९५३ सालचा. तो उभारला केंब्रिजहून पीएच.डी. करून आलेल्या वसंत शंकर हुजूरबाजार यांनी.

याच शास्त्राच्या, वैद्यकीय डेटावर चालणाऱ्या शाखेच्या, म्हणजे जैवसांख्यिकीच्या संशोधकालाही यूजीसीचे २०२२चे सर्वसाधारण नियमच लागू होतात. कोर्सवर्कचे किमान १२ क्रेडिट, त्यात किमान ५५ टक्के, दर सत्रात सल्लागार समितीपुढे सादरीकरण, शेवटी निदान दोन बाहेरचे परीक्षक आणि मौखिक परीक्षा. प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती याच नियमांनी काढली. बरेच झाले, तिच्यापायी भुक्कड नियतकालिकांचे फावले होते.

खरी अडचण पुढेच. प्रमेय सिद्ध करणारा उमेदवार रुग्णालयातला अर्धवट डेटा हाताळू शकेल का, हे लेखी परीक्षेत कळत नाही. निम्मे रुग्ण दुसऱ्या तपासणीला आलेच नाहीत, तर? नमुना किती मोठा हवा, हे घाईतल्या डॉक्टरला सोप्या मराठीत कसे सांगायचे?

यावर एक उपाय सुचतो: खऱ्या अभ्यासातला, ओळख पुसलेला डेटा आठवडाभर हाती द्यावा, विश्लेषणाचा आराखडा आधी लिहून घ्यावा आणि तोंडी परीक्षेला प्राध्यापकांच्या शेजारी एक डॉक्टरही बसवावा.