समोरचं दिसतं, पण बाजूचं?



शिबिरात तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली की आपण म्हणतो, "माझी नजर चांगली आहे." पण तक्ता फक्त समोरची नजर सांगतो. भाकरी थापताना बाजूच्या चुलीवरचं दूध वर आलेलं दिसतं, रस्त्यात कडेनं आलेली मोटारसायकल कळते, ती बाजूची नजर. काचबिंदूत बहुधा तीच आधी कमी होते. डोळा बहुतेक वेळा दुखत नाही, लालही होत नाही. शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो, म्हणून आपल्याला कळतच नाही.

यासाठी डॉक्टर दोन प्रकारे तपासतात. दोन्हींत एका वेळी एकच डोळा तपासतात.

१. हाताची तपासणी : डॉक्टर आपल्यासमोर साधारण 1 मीटरवर बसतात. आपण एक डोळा झाकायचा. डॉक्टरही त्याच्या समोरचा आपला डोळा मिटतात. आपण त्यांच्या उघड्या डोळ्याकडेच बघायचं. मग ते वर, खाली, दोन्ही बाजूंना बोटं धरून विचारतात, "किती दिसतात?" त्यांना दिसली आणि आपल्याला नाहीत, तर त्या बाजूची नजर कमी असू शकते. बोटांकडे वळून बघितलं की तपासणी फुकट जाते.

२. मशीनवरची तपासणी (फील्ड टेस्ट) : मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यात हे मशीन असतं. हनुवटी टेकवून पांढऱ्या वाडग्यासारख्या भागात मधल्या दिव्याकडे बघायचं. आजूबाजूला बारीक उजेड चमकतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. एका डोळ्याला साधारण 5 ते 10 मिनिटं लागतात. सुई नाही, दुखणं नाही.

काही उजेड मुद्दामच इतके मंद असतात की चांगल्या डोळ्यालाही दिसत नाहीत. म्हणून "मी नापास झाले" असं वाटून अंदाजानं बटण दाबू नका. पापणी मिटवायला हरकत नाही. थकलात तर सांगून थांबा. पहिल्या वेळी नीट जमलं नाही, तर डॉक्टर पुन्हा करून घेतात.

काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूसारखं ऑपरेशन करून ती आणता येत नाही. पण वेळेत कळलं तर रोजच्या थेंबांनी, गरज पडल्यास लेसर किंवा ऑपरेशननं, उरलेली नजर बहुतेकदा राखता येते.

वय चाळिशीपुढे असेल, आई-वडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल, मधुमेह असेल किंवा चष्म्याचा मोठा मायनस नंबर असेल, तर डोळ्याचा दाब, नस आणि बाजूची नजर तपासायची का, हे डॉक्टरांना विचारा. मेडिकलमधून मनानंच थेंब आणून घालू नका. स्टेरॉइडच्या थेंबांनी डोळ्याचा दाब वाढू शकतो.

आणि अचानक एका बाजूचं दिसेनासं झालं, डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं वाटलं, तर शिबिराची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पुढच्या बैठकीत एकमेकींना एवढंच विचारा : "ताई, चौकटीला, खाटेला सारखा धक्का लागतो का गं?" हो म्हणाली, तर तिला "वेंधळी" म्हणून हसू नका. तिच्यासोबत दवाखान्यात जा.