विश्लेषण : भिंत एक, मालक ऐंशी! बर्गंडीतील ‘क्लो द वूजो’ची सफर काय सांगते?

फ्रान्सला जाणाऱ्या पर्यटकांच्या यादीत आयफेल टॉवर आणि लूव्रच्या जोडीला आता एखादी ‘वाइन इस्टेट’ही असते. मळ्यातून फेरफटका, पिंपांच्या रांगांपुढे फोटो आणि शेवटी दोन-तीन पेले असा ठरलेला कार्यक्रम. बर्गंडीतील ‘क्लो द वूजो’ मात्र या साच्यात बसत नाही. एकाच दगडी भिंतीच्या आत जवळपास ५० हेक्टर, म्हणजे सुमारे सव्वाशे एकर द्राक्षमळा आहे आणि त्याचे मालक आहेत ऐंशीच्या आसपास. मळ्यात उभ्या असलेल्या शातोमध्ये, म्हणजे वाड्यात, आज वाइन तयारच होत नाही. मग तिथे पाहायचे काय आणि चाखायचे काय?

हे ठिकाण नेमके कुठे?

पॅरिसहून वेगवान टीजीव्ही रेल्वेने सुमारे दीड तासात दिजाँ हे शहर येते. तिथून दक्षिणेला बोन या गावाकडे जाणारा रस्ता ‘ग्रां क्रू’चा, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या मळ्यांचा रस्ता म्हणून ओळखला जातो. त्या वाटेवर वूजो हे अगदी छोटे गाव लागते. ‘क्लो’ म्हणजे भिंतीने वेढलेला मळा. गावाच्या नावाने असलेला हा मळा गावापेक्षा कितीतरी प्रसिद्ध. १९८७च्या ‘बॅबेट्स फीस्ट’ या ऑस्करविजेत्या डॅनिश चित्रपटात त्या गाजलेल्या मेजवानीत जी वाइन ओतली जाते, तीही इथलीच.

मळा उभारला कोणी?

सितो येथील मठाच्या साधूंनी. १०९८ मध्ये स्थापन झालेल्या या मठापासून सिस्टर्शियन पंथ सुरू झाला. अंगमेहनत हा त्यांच्या उपासनेचाच भाग होता. बाराव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्यांना इथे दानात जमिनी मिळत गेल्या, काही त्यांनी विकत घेतल्या. तुकडा तुकडा जोडत त्यांनी एक सलग मळा केला आणि १३३६ पर्यंत त्याभोवती भिंत पूर्ण केली. पुढची साडेचारशे वर्षे हा मळा एकसंध राहिला, कारण मठाला वारस नसतात आणि त्यामुळे वाटणीचा प्रश्न येत नाही.

कोणत्या उतारावरचे द्राक्ष कसे पिकते, याचे बारकावे या साधूंनी पिढ्यान् पिढ्या टिपले. बर्गंडीत आजही प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र नाव आहे, त्याला ‘क्लिमा’ म्हणतात. अशा १,२४७ तुकड्यांच्या या भूप्रदेशाला ‘युनेस्को’ने २०१५ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

एकाचे ऐंशी कसे झाले?

फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चची मालमत्ता जप्त झाली आणि १७९१ मध्ये हा मळाही विक्रीला निघाला. तरीही तो लगेच फुटला नाही. १८१८ पासून उव्रार या धनाढ्य घराण्याकडे तो अखंड होता. १८८९ मध्ये मात्र तो तुकड्यांनी विकला गेला. तो काळ बर्गंडीसाठी वाईटच होता. फिलॉक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या किडीने तिथले मळे उद्ध्वस्त केले होते.

पुढचे काम वारसा कायद्याने केले. नेपोलियनच्या १८०४च्या नागरी संहितेने सर्व मुलांना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा दिला. न्याय्य गोष्ट, पण मळ्याच्या दृष्टीने परिणाम आपल्याला परिचित आहेत तेच. आजोबांची पाच एकर, मुलांची दीड-दीड, नातवंडांच्या वाट्याला चार ओळी. आपल्याकडे तुकडेबंदीचा कायदा १९४७ मध्ये आला, तरी सातबाऱ्यावरची नावांची रांग वाढतच राहते, हे ग्रामीण महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. वूजोतही सरासरी काढली तर मालकामागे जेमतेम दीड एकर येते. सर्वांत मोठा वाटा ‘शातो द ला तूर’ या इस्टेटीचा, तोही साधारण साडेपाच हेक्टरांचा. भिंतीच्या आतच वाइन तयार करणारी ही एकमेव इस्टेट. बाकीचे मालक द्राक्षे तोडतात आणि आपापल्या गावच्या तळघरात नेतात.

शेजारच्या मोरे-सें-दनी गावातील ‘क्लो द तार’ हा साडेसात हेक्टरांचा मळा मात्र ११४१ पासून कधीच फुटला नाही. जवळपास ९०० वर्षांत त्याचे मालक केवळ चार. त्यामुळे ‘जुना मळा म्हणजे हमखास तुकडे’ असेही नाही. मालक कोण आणि वारस किती, यावर सगळे अवलंबून.

मग लेबलवर विश्वास कसा ठेवायचा?

खरा पेच इथे आहे. भिंतीच्या आतील जवळजवळ सगळ्या जमिनीला ‘ग्रां क्रू’ हा एकच दर्जा आहे. पण जमीन एकसारखी नाही. वरच्या टोकाला, म्युझिन्यी आणि ग्रांझ एशेझो या नामांकित मळ्यांच्या शेजारी, चुनखडीवरचा पातळ थर आहे आणि पाण्याचा निचरा उत्तम. खाली मुख्य रस्त्याकडे येऊ लागले की माती जड, चिकण होत जाते आणि ओल साचते. साधूंच्या काळात वरच्या भागाची वाइन पोपसाठी, मधली राजांसाठी आणि खालची मठासाठी, अशी विभागणी असल्याची आख्यायिका गाइड हमखास सांगतात. पुरावा कोणी दाखवत नाही. पण साधूंकडे पूर्ण मळा असल्याने ते तिन्ही भागांची द्राक्षे हवी तशी एकत्र करू शकत. आजच्या मालकाला ती सोय नाही. त्याच्या ओळी जिथे, तिथलीच त्याची वाइन.

म्हणून इथे मळ्याच्या नावापेक्षा उत्पादकाचे नाव आधी वाचावे लागते. खालच्या भागातला मेहनती मालक वरच्या भागातल्या निष्काळजी मालकापेक्षा चांगली वाइन देऊ शकतो. भिंतीला भूगर्भशास्त्र कळत नाही आणि १९३७ मध्ये दर्जा देतानाही शतकांपूर्वीची भिंतच प्रमाण मानली गेली. आमच्या मते ही या व्यवस्थेची सर्वांत कच्ची बाजू आहे. ग्राहक ‘ग्रां क्रू’ या दोन शब्दांचे पैसे मोजतो आणि उताराचा वरचा भाग मिळाला की खालचा, हे बाटली सांगत नाही.

सफरीत काय दिसते?

शातोचे आजचे देखणे रूप १५५१ मधले. त्याच्या आधीच्या इमारती अधिक रंजक आहेत. बाराव्या शतकातले कोठार सुमारे दोन हजार पिंपे मावतील एवढे आहे. जाड भिंती, बुटके दगडी खांब, छोट्या खिडक्या, त्यामुळे बाहेर ऑगस्टचे ऊन असले तरी आत गारवा. त्याच्यावर मठातील कामकरी बांधवांची झोपायची जागा, तिथले ओकच्या लाकडाचे छत मान वर करून पाहावे असे.

सर्वांत जास्त वेळ मात्र द्राक्षे गाळण्याच्या दालनात द्यावा. तिथे चार अवाढव्य लाकडी दाबयंत्रे उभी आहेत, मध्ययुगीन. ओकच्या अख्ख्या तुळया, जाडजूड मळसूत्र आणि ते फिरवायला माणसांची ताकद. लाल वाइनसाठी द्राक्षे आधी सालीसकट आंबवतात आणि नंतर दाबतात, हे पुस्तकात वाचलेले असते. ती यंत्रे पाहिल्यावर त्यामागचे कष्ट कळतात.

इमारतीची मालकी आता मळ्याच्या मालकांकडे नाही. १८८९ नंतर लेओंस बोके यांनी पडझड झालेल्या शातोची डागडुजी केली आणि १९४४ पासून तो ‘शव्हालिए द्यु तास्तव्हँ’ या वाइनप्रेमींच्या मंडळाशी जोडला गेला. हे मंडळ १९३४ मधले, जागतिक मंदीत वाइन खपत नव्हती तेव्हाचे. कोणी विकत घेत नाही, तर मित्रांना बोलावून पाजू या, असा त्यामागचा साधा हिशेब. आजही लाल-सोनेरी झगे घालून मेजवान्या होतात आणि नव्या सदस्याच्या खांद्यावर द्राक्षवेलीचे खोड टेकवून त्याला दीक्षा दिली जाते. थोडे नाटकी आहे खरे, पण या नाटकाने बर्गंडीला जगभर ग्राहक मिळवून दिले.

चाखायचे कुठे आणि कसे?

नाशिकला वाइनरी पाहिलेल्यांना एक फरक लगेच जाणवेल. तिथे अनेक शेतकऱ्यांची द्राक्षे करारावर घेऊन वाइन एका कंपनीच्या नावाने निघते. वूजोत मळा एक, बाटल्या मात्र अनेक नावांच्या. त्यामुळे जमल्यास एकाच वर्षाच्या, पण दोन वेगळ्या मालकांच्या क्लो द वूजो शेजारी शेजारी ठेवून चाखाव्यात. बोनमधील चाखण्याच्या दालनांत किंवा उत्पादकांकडे आधी वेळ ठरवून हे करता येते. द्राक्षाची जात एकच, पिनो न्वार. वर्ष एक, भिंत एक. तरी दोन पेल्यांत अंतर पडते, आणि पाहुण्याने पैसे मोजावेत ते हा फरक चाखण्यासाठी.

चाखताना थुंकणे असभ्य नाही. त्यासाठी भांडे ठेवलेले असते आणि सराईत लोक तेच वापरतात. घाईने गिळण्यापेक्षा आधी रंग, मग वास, मग छोटा घोट. लहान उत्पादकाने स्वतः वेळ दिला असेल, तर एखादी बाटली घेण्याचा रिवाज आहे. त्याच्याकडची साधी, गावाच्या नावाची वाइनही चालते, क्लो द वूजोच घ्यायला हवी असे नाही. सप्टेंबरमध्ये तोडणी सुरू असते. मळा तेव्हा सर्वांत सुंदर दिसतो, पण मालक भेटायच्या मनःस्थितीत नसतात.

मालक कुटुंबांपुढे कोणता प्रश्न?

कोत द’ओर जिल्ह्यात ग्रां क्रू जमिनीचा सरासरी भाव हेक्टरी ६० लाख युरोंच्या वर गेला आहे. जमीन विकायची नसेल तर हा आकडा कुटुंबाला सुखाचा नाही, कारण वारसाकर बाजारभावावर ठरतो. फ्रान्समध्ये मुलांसाठीही त्याचा सर्वोच्च दर ४५ टक्के आहे. शेतजमीन दीर्घ भाडेकराराने दिली तर मोठी सवलत मिळते, तरी द्राक्षांच्या उत्पन्नातून भावंडांचे वाटे देणे जड जाते. त्यावर तोडगा म्हणून १९७० पासून एक व्यवस्था आहे. जमीन सामाईक संस्थेच्या नावे ठेवायची आणि वारसांना समभाग द्यायचे. मळा फुटत नाही, पण भावंडांत बेबनाव झाला की समभागही विकले जातात. घेणारे मोठे असतात. ‘क्लो द तार’ २०१७ मध्ये अब्जाधीश पिनो कुटुंबाच्या कंपनीने घेतला, त्याआधी २०१४ मध्ये शेजारचा ‘क्लो दे लांब्रे’ एलव्हीएमएच या समूहाकडे गेला.

त्यात हवामानाची भर. बोनमधील द्राक्षतोडणीच्या तारखांची नोंद १३५४ पासून उपलब्ध आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १९८७ पर्यंत तोडणी सरासरी २८ सप्टेंबरला सुरू होई. १९८८ पासून ती सरासरी १३ दिवस आधी सुरू होऊ लागली. उष्ण वर्षांत ओल धरणारी खालची जड माती उलट फायद्याची ठरू शकते. ज्या चार ओळी वाटणीत नकोशा वाटल्या असतील, त्यांचे दिवस कदाचित येतील.

जाणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगे

शातो पाहायला स्वतंत्र तिकीट लागते. शातोमध्ये चाखण्याची सोय हवी असेल तर आरक्षण करतानाच तसे विचारावे. फ्रान्समध्ये गाडी चालवताना रक्तातील अल्कोहोलची मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम आहे, नव्या चालकांसाठी ०.२ ग्रॅम, म्हणून चाखण्याच्या दिवशी स्वतः गाडी न चालवलेली बरी. भारतात परतताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येते. म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या, आणि त्या चेक-इन बॅगेत कपड्यांत नीट गुंडाळून.